ओटीतलं बियाणं

कर्नाटकाच्या सीमेतल्या आमच्या आळंद भागात बियाणं नुसतं विकत घेऊन भागत नाही, ते कुणाच्या तरी हातून घ्यावं लागतं. पूर्वी तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, पहिली मूठ धरायला, ज्याच्या हाताला गुण आहे असं माणूस बोलावत. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते. यंत्राच्या डब्यात पिशवी ओतली की झालं, मूठ धरायला जागाच उरली नाही. म्हणून हा मान वावरातून उठून बियाणं वाटायच्या जागी आला. बाईनं पदर पसरायचा, गड्यानं खांद्यावरचा टॉवेल, आणि गुणाच्या हातानं त्यात पहिली ओंजळ घालायची. बाकीची पिशवी मग डोक्यावरून न्या नाहीतर फटफटीवरून.

गेली काही वर्षं गावात हा गुणाचा हात माझा ठरला होता. मी इथल्या मराठी शाळेत बाई होते, निवृत्त झाले तरी बाईच राहिले. शाळेच्या मागं दोडक्याचा वेल होता, त्याचं बी मी पोरांना वाटायची आणि ते कुणाच्याही पत्र्यावर चढायचं. दोडका कुठंही चढतो, त्यात माझं काय? पण एकदा बोललं गेलं की गावात ते खरंच होतं. माझा नवरा म्हणायचा, ह्याच हातानं आमटीत दोनदा मीठ पडतं, ते गावाला कुणीतरी सांगा. मी वरवर रागवायची. आतून मला ते आवडायचं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

शेतकऱ्यांची कंपनी निघाली तेव्हा संचालक मंडळात एक बाई हवी होती. मला घेतलं, कारण मला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येतं आणि मला कुणी वैरी नाही. कंपनीचे अध्यक्ष आमच्याच गावचे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही. ते मला अक्का म्हणतात. हा माणूस वाईट नाही हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. तूर विकायला गेलेल्या माणसाला अडतीवर किती वेळ उभं करतात, कसं तुच्छतेनं बोलतात, हे त्यांनी तरुणपणी सोसलं होतं. आपलं बियाणं, आपलं गोदाम, आपला भाव, एवढ्यासाठी ते दोन वर्षं गावोगाव फिरले. त्यांच्या चपला झिजल्या म्हणूनच कंपनी उभी राहिली.

मंडळाची बैठक गोदामातच व्हायची. मिरचीभजी आणि चहा ठरलेला. पण चहा आधी येत नसे. विषय निघायचा, दोघं-तिघं बोलायचे, मग अप्पा विचारायचे, "मग सर्वानुमते लिव्हू का?" सगळे व्हय म्हणायचे, की मग चहा. एवढ्या बैठकांत कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं, आणि उद्या त्याच माणसाच्या घरी बारशाला जायचं असतं.

यंदा पहिल्यांदा कंपनीनं स्वतःच्या पिशवीत तुरीचं बियाणं विकलं. दाण्याला औषधाचा लाल रंग लावलेला होता. गोदामासमोर मांडव घातला, नारळ फुटला, आणि मी दुपारपर्यंत उभी राहून पदरात आणि टॉवेलात ओंजळी घातल्या. ओळीत सगळ्यांत पुढं एक बाई होत्या. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडं वावर आणि बाकी मजुरी. त्यांची लेक माझ्या शाळेत शिकलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. त्या सकाळपासून उन्हात थांबल्या होत्या, माझ्या हातची पहिली ओंजळ आपल्याच पदरात पडावी म्हणून.

आमच्याकडं कोणतंही बियाणं पेरायच्या आधी घरात भिजवून बघतात. मूठभर दाणे फडक्यात नाहीतर गोणपाटाच्या तुकड्यात बांधायचे, माठाखाली ठेवायचे, पाणी झिरपत राहतं. चार-पाच दिवसांनी सोडून बघायचं, किती दाण्यांना मोड आले. माझी आई करायची, मीही करते. शंका म्हणून नाही, सवय म्हणून. त्या दिवशी घरी आले, उरलेल्या पिशवीतली मूठ धुऊन बांधली आणि विसरून गेले.

सोडलं तेव्हा नाकाला वास आला. निम्म्याहून जास्त दाणे फुगून बुळबुळीत झाले होते. मोड आलेलेही अशक्त होते, वाकडे.  मी मनाला समजावलं, की पाणी जास्त झालं असेल, गोणपाट घाण असेल. या वेळी दोन पुरचुंड्या बांधल्या. एकीत कंपनीचं बियाणं, दुसरीत आमच्या घरच्या पोत्यातली, आमच्याच वावरात पिकलेली तूर. दर तासाला जाऊन हात लावून बघायची. नवरा म्हणाला, अंडी उबवायलीस का?  घरच्या तुरीला टपोरे पांढरे मोड आले. कंपनीच्या पुरचुंडीला पुन्हा तोच वास.

तोवर पेरणी तोंडावर आली होती. वावरं तयार होती, ट्रॅक्टरवाल्यांच्या पाळ्या लागल्या होत्या. मी वाटेत भेटेल त्याला सहज विचारल्यासारखं विचारू लागले, बियाणं भिजवून बघितलं का? एकानंही बघितलं नव्हतं. एक म्हातारे, ज्यांनी जन्मात न भिजवता बी पेरलं नाही, ते हसून म्हणाले, "तुमच्या हातचं हाय की बाई. मग कामून भिजवून बघावं?"

 दुकानातून आणलं असतं तर या माणसांनी औषधामुळं दाणा दाताखाली धरला नसता एवढंच, बाकी सगळं तपासलं असतं. माझ्या ओंजळीतून आलं म्हणून कुणी फडकंसुद्धा ओलं केलं नाही. म्हणजे मी तिथं शोभेला उभी नव्हते. माझ्यामुळं गावानं डोळे मिटले होते.

मी अप्पांकडं गेले. पुरचुंड्या दाखवल्या. त्यांनी दोन्ही बघितल्या आणि खरं सांगितलं. कर्ज उशिरा मिळालं, तोवर चांगला माल संपला होता. व्यापाऱ्यानं गेल्या सालचा उरलेला माल दिला, पिशवीवरची खूणपट्टी मात्र यंदाची होती. त्यांना शंका आली होती. पण बियाणंच दिलं नाही तर पहिल्याच वर्षी लोक कंपनीवर हसतील, असं वाटून ते गप्प बसले.

मी म्हटलं, लोकांना सांगू या, परत घेऊ या. त्यांनी ठाम नकार दिला. त्यांचं म्हणणं फार वेडंवाकडं होतं असं नाही, हीच अडचण होती. परत घेऊन द्यायचं काय? कंपनीकडं दुसरं बियाणं कुठंय? कंपनी बुडाली की हेच लोक पुन्हा त्याच अडतीच्या ओट्यावर जाऊन उभे राहणार. त्यापेक्षा जरा दाट पेरा म्हणून सांगू, निम्मं तर निम्मं उगवेल. मग आवाज खाली आणून, मला धीर द्यावा तसं म्हणाले, "अक्का, उगवलं न्हाई तर कारणं लई हाईत. माती हाय, पाखरं हाईत, ज्याचं त्याचं नशीब हाय. तुमच्या हाताला कुणी बोल लावणार न्हाई."

हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. कुणी बोल लावला नसता. ती मेंढरांच्या घरातली बाई सगळ्यांत आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून बसली असती.

मी हट्ट धरला म्हणून बैठक बोलावली. सगळे आले, सगळ्यांनी पुरचुंड्यांचा वास घेतला, कुणी माझ्याकडं सरळ बघेना. शेवटी असं निघालं की नमुना कलबुर्गीला तपासायला पाठवू, अहवाल आला की ठरवू. अहवाल पेरणी आटोपल्यावर येणार हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आपल्याकडं जबाबदारी टाळायची असली की ती तपासायला पाठवतात. अप्पांनी विचारलं, सर्वानुमते लिव्हू का? मी म्हटलं, माझा नकार लिहा.  एक संचालक, माझाच जुना विद्यार्थी, मान खाली घालून म्हणाला, "बाई, असं लिव्हायची पद्धत न्हाई." त्या दिवशी चहा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेले. तिथल्या भोंग्यावरून हरवलेल्या शेळ्या, रेशन, लसीकरण, सगळं सांगतात. पुजारी म्हणाला, अप्पांना विचारलंय का? मी म्हटलं, शेळी हरवल्यावर अप्पांना विचारतोस का? त्यानं बटण दाबून दिलं. मी आधी मराठीत, मग कन्नडमध्ये सांगितलं, की कंपनीचं बियाणं नीट उगवत नाही, मी दोनदा भिजवून बघितलं, पेरू नका, आधी स्वतः भिजवून बघा, आणि पिशव्या गोदामात परत आणा. भोंग्यानं माझा आवाज साऱ्या गावावरून फिरवला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पहिली भीती अशी, की माझंच चुकलं असेल तर? दोनदा भिजवलं, पण माझ्याच घरात, माझ्याच माठाखाली. मी काही बियाण्याची तज्ज्ञ नाही. चुकीचं निघालं तर एका माणसानं गावोगाव फिरून उभी केलेली कंपनी मी भोंग्यावरून बुडवली असं होणार होतं. अप्पा समोरून आले आणि रस्ता बदलून गेले. गडीमाणसं चिडत, तणतणत का होईना, पिशव्या घेऊन गोदामाकडं जाऊ लागली.

पण बायका येईनात. ज्यांनी पदर पसरला होता त्यांच्यापैकी एकही. मला आधी कळेना. मग कळलं. ओटीत घातलेलं परत देत नाहीत. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि मी स्वतः या गावची सून. दुकानाला माल परत करता येतो. ओटी कशी परत करणार?

मी त्या बाईंच्या घरी गेले. बियाण्याची पिशवी दारातच होती, दुसऱ्या दिवशी त्यांची ट्रॅक्टरची पाळी होती. माझ्या हातात आमच्या घरच्या तुरीची लहान पिशवी होती. लेक भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती, तिचे दिवस भरत आले होते. मी सगळं समजावून सांगितलं, शाळेत समजवायची तसं, पुन्हा पुन्हा. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी एकदा लेकीकडं बघितलं.

"पोरीची ओटी भरून आठ दिस झाले न्हाईत," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही माझी ओटी रिकामी कराय आलाव, बाई?"

 ही अंधश्रद्धा आहे असं मी वर्गात शंभरदा सांगितलं असेल. पण पदर पसरायला लावून, त्यात ओंजळ घालून, गावभर मिरवला तो मान माझाच होता. गुणाचा हात चालतो म्हणून घ्यायचं, आणि तोच हात उलटा करायची वेळ आली की विज्ञान सांगायचं, हे मला त्या घरात बसून करवेना.

मी म्हटलं, पदरातलं राहू द्या, मी परत मागत नाही. फक्त उद्याचा ट्रॅक्टर थांबवा. दोन फडकी घ्या, एकात हे बियाणं बांधा, एकात मी आणलेलं आमच्या घरचं. तुमच्या घरात, तुमच्या पाण्यात. मी हात लावत नाही. त्यांनी विचारलं, पाळी गेली तर ट्रॅक्टर परत कधी मिळणार? मला माहीत नव्हतं. आणि तुमचं चुकलं असेल तर? मला तेही माहीत नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं चुकलं तर औंदा आमच्या वावरात जे पिकंल, त्यातलं निम्मं तुमचं."

 त्यांनी उठून जुन्या लुगड्याचं फडकं फाडलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं हा आता काहीतरी चेष्टा करेल. तो म्हणाला, वावर माझ्याही नावावर आहे, विचारायचंस तरी. मग थोड्या वेळानं म्हणाला, बरं केलंस. पण तोही त्या दिवसांत नीट जेवला नाही, हे मी बघत होते.

ट्रॅक्टर आमच्या घरावरून त्यांच्या वावराकडं न वळता पुढं निघून गेला, तेव्हा मी दारात उभी होते. पुढचे दिवस, पिशव्या परत केलेल्यांच्या वावरात घरच्या तुरीची पेरणी चाललेली मी ऐकत राहिले. शेजारणी सांगायच्या, अमक्याची झाली, तमक्याची झाली. एका बाईचं वावर तेवढं माझ्या शब्दावर थांबलं होतं. त्यांच्या घराकडं जायचं मी टाळलं. गेले असते तर फडकं सोडा म्हणाले असते, आणि ते मला नको होतं. पुरचुंडी माझ्यादेखत न सुटता त्यांच्याच हातानं सुटायला हवी होती, एवढं मला तेव्हा नीट समजलं होतं. गोष्ट सोपी वाटते. पण तसं घरात बसून राहणं मला भोंग्यापेक्षा अवघड गेलं.

मग एका सकाळी त्या आल्या. लेकही हळूहळू मागून आली. ओट्यावर बसून त्यांनी दोन्ही फडकी सोडली. कंपनीच्या बियाण्याचा वास तोच. मोजायची गरज नव्हती. आमच्या तुरीला मोड आले होते, लांब, एकमेकांत गुंतलेले. मी रडू लागले. सुटल्याचं रडू होतं, खोटं कशाला बोलू? माझं चुकलं नाही, याचाच आनंद आधी झाला. त्यांचं वावर मागं पडलंय हे नंतर आठवलं, आणि त्याची लाज वाटली.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, अप्पांना म्हाईत होतं का? मी म्हटलं, शंका होती. अन् तुम्हाला? मी म्हटलं, ओंजळ घालताना नव्हतं. पण बघितलंही नव्हतं. आधी भिजवायचं आणि मग वाटायचं, हे मला सुचायला हवं होतं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, पिशवी गोदामात टाकून येते. ओटीतली ओंजळ मात्र देवापाशी ठेवली आहे, ती पोर बाळंत होईपर्यंत हलवणार नाही. मी व्हय म्हटलं.

पेरायला आमच्या पोत्यातली तूर न्यावी असं ठरलं. त्यांचं बघून पदर पसरलेल्या बाकीच्या बायकांनीही पिशव्या गोदामात टाकल्या. तशी पाच-सहा घरांना पुरेल एवढी ती होती, बाकीच्यांनी आपापल्या कणग्यांतली काढली. कंपनी बुडाली नाही. अप्पांनी व्यापाऱ्याशी भांडून माल परत घ्यायला लावला, आणि माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी मी पोतं ओट्यावर ओढून आणलं आणि तोंड सोडलं. बाईंनी पाटी खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी दोन्ही हात पोत्यात घातले, पहिली ओंजळ भरली आणि त्यांच्या पदराकडं वळले. त्यांनी पदर पसरला नाही. पदर खोचलेलाच होता. त्यांनी माझं मनगट हलकेच धरलं आणि बाजूला केलं.

"र्‍हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "माझं मीच घेते."

मी ओंजळ परत पोत्यात सोडली. त्या वाकून, मूठमूठ दाणे उन्हात धरून बघत, किडका दाणा वेचून टाकत पाटी भरू लागल्या. लेकही खाली बसली, तीही बघू लागली. मी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून उभी राहिले.